जीव वाचवण्याचा हिशेब धोरणकर्ते कसा वाचतात

प्रश्न असा आहे: रस्ता सुरक्षेच्या प्रस्तावाला लाभ-खर्च विश्लेषण जोडलेलं असतं, लाभ खर्चाच्या तिप्पट-चौपट दिसत असतो, तरीही धोरणकर्ते तो प्रस्ताव बाजूला ठेवतात आणि कमी लाभाचा दुसराच उचलतात. असं का होतं? त्यांना हे विश्लेषण समजत नाही, पटत नाही, की नकोच असतं?

हे हिशेब करण्यात आणि ते निर्णय घेणाऱ्यांपुढे मांडण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. माझ्या अनुभवात त्यांना हा हिशेब बहुतेक वेळा समजतो आणि ढोबळमानाने पटतोही. घोडं वेगळ्याच ठिकाणी अडतं. विश्लेषण संपूर्ण समाजाची बेरीज-वजाबाकी मांडतं, पण मंत्र्याच्या किंवा सचिवाच्या दारात समाज कधी येत नाही. ज्याच्या खात्यातून पैसा जाणार तो अधिकारी येतो, ज्याच्या प्रवासाला एक मिनिट जास्त लागणार तो वाहनचालक येतो, ज्याच्या दुकानासमोरचं पार्किंग जाणार तो दुकानदार येतो. ज्याचा जीव वाचणार आहे तो मात्र येत नाही, कारण आपण वाचणार आहोत हे त्याला स्वतःलाही माहीत नसतं. लाभ भागिले खर्च या गुणोत्तराच्या एका आकड्यात ही सगळी माणसं विरघळून गेलेली असतात. धोरणकर्त्याला नेमकी त्यांचीच माहिती हवी असते आणि आपल्या अहवालात तेवढीच सापडत नाही.

आधी धोरणकर्ते हा आकडा प्रत्यक्षात कसा वापरतात ते पाहू. यावर चांगला अभ्यास झालेला आहे. नॉर्वेच्या अर्थशास्त्रज्ञ कारीने न्यूबोर्ग यांनी तिथल्या संसदेच्या वाहतूक समितीतल्या सदस्यांशी सविस्तर बोलून १९९८ मध्ये निष्कर्ष मांडले. रस्ते प्रकल्पांची यादी गुणोत्तरांसह समोर असूनही बहुतेक खासदार त्यावरून क्रमवारी लावत नव्हते. कुठल्या प्रकल्पाकडे बारकाईने पाहायला हवं, कुठे प्रश्न विचारायला हवेत, हे ठरवण्यासाठी ते आकडा वापरत होते. डाव्या पक्षांचे सदस्य या पद्धतीबद्दल जास्त साशंक होते, उजवीकडचे त्या मानाने अनुकूल. स्वीडनच्या २०१० ते २०२१ या काळासाठीच्या वाहतूक आराखड्यावर योनास एलियासन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम केलं. त्यांना दिसलं की नियोजन खात्यातल्या अधिकाऱ्यांच्या निवडीवर गुणोत्तराचा स्पष्ट प्रभाव होता. राजकीय पातळीवर केलेल्या निवडीत तो जवळजवळ दिसत नव्हता. नेदरलँड्समध्ये नीक माउटर यांनी राजकारण्यांना हेच विचारलं, तेव्हा आकडा आपल्या बाजूचा असला की तो वादात पुढे करायचा आणि विरोधात गेला की पद्धतीवर बोट ठेवायचं, ही सवय समोर आली.

यावरून राजकारण्यांना दोष देणं सोपं आहे, पण मला त्यातून वेगळी गोष्ट दिसते. विश्लेषणाचं काम मंत्र्याच्या टेबलावर पोहोचण्याच्या खूप आधी होतं. आराखडा तयार होत असतानाच हिशेब मांडावा लागला, की अधिकारी महागडे फाटे छाटतात, स्वस्त पर्याय शोधतात, अगदीच न परवडणारं काम यादीत येऊच देत नाहीत. तो परिणाम अंतिम निर्णयाच्या कागदावर दिसत नाही, पण तो खरा असतो. शेवटच्या बैठकीत आकडा टाकून बाजी मारू, या भरवशावर राहणारे विश्लेषक मात्र हमखास निराश होतात.

आता खास रस्ता सुरक्षेकडे. लाभ-खर्च विश्लेषण म्हणजे माणसाच्या जिवावर किंमतीची चिठ्ठी लावून सरकारला हात आखडता घ्यायला शिकवणारं शास्त्र, असा एक समज आहे. उपलब्ध पुरावा याच्या बरोबर उलट आहे. या क्षेत्रात ज्यांचा शब्द प्रमाण मानला जातो त्या नॉर्वेच्या रूने एल्विक यांनी २००३ मध्ये नॉर्वे आणि स्वीडन या दोन देशांसाठी हिशेब करून दाखवला. लाभ खर्चापेक्षा जास्त आहे असे सगळे उपाय अमलात आणले, तर रस्त्यांवरचे ५० ते ६० टक्के मृत्यू टाळता येतील. चालू धोरणं तशीच पुढे नेली तर टळणारे मृत्यू होते १० ते १५ टक्के. म्हणजे रस्ता सुरक्षेत जगात नावाजलेली सरकारंसुद्धा कोरड्या अर्थशास्त्रीय कसोटीला जेवढं करणं परवडतं त्याच्या कितीतरी कमी करत होती. एल्विक यांनी कारणंही दिली. काही उपाय, विशेषतः वाहनांच्या सुरक्षेचे निकष, एकट्या राष्ट्रीय सरकारच्या हातात नसतात. काही ठिकाणी मागास प्रदेशांचा विकास ही दुसरी उद्दिष्टं वरचढ ठरतात. आणि काही उपाय समाजाला परवडतात, पण एकट्या वाहनचालकाच्या दृष्टीने तोट्याचे असतात. या तिसऱ्या कारणावर खूप काही बोलण्यासारखं आहे. त्याआधी जिवाच्या किमतीचा मुद्दा निकालात काढू, कारण बैठकीत पहिला आक्षेप तोच येतो.

हा आक्षेप इतका तीव्र का आहे, हे फोर्ड कंपनीच्या एका टिपणावरून समजतं. १९७३ च्या या टिपणात उलटलेल्या गाडीतून इंधन गळून लागणाऱ्या आगींचा हिशेब होता. १ कोटी २५ लाख वाहनांना प्रत्येकी ११ डॉलर खर्च, म्हणजे सुमारे १३ कोटी ७० लाख डॉलर. समोर १८० मृत्यू आणि तितक्याच भाजलेल्या लोकांचा लाभ, ४ कोटी ९५ लाख डॉलर. तेव्हा बदल परवडत नाही. हे टिपण १९७७ मध्ये जगासमोर आलं तेव्हा लोक हादरले, आणि त्यांचं हादरणं योग्यच होतं. पण धोरणकर्त्यांना दोन गोष्टी सहसा माहीत नसतात. एक, ते टिपण प्रस्तावित नियमाबद्दल शासकीय नियामकालाच सादर केलेलं होतं आणि मृत्यूमागे धरलेला सुमारे २ लाख डॉलरचा आकडा त्या नियामकाचाच होता. दोन, तो आकडा मुख्यतः माणसाच्या बुडालेल्या कमाईवरून काढलेला होता. माणूस मेला की देशाचं उत्पादन किती घटलं, एवढंच तो मोजायचा. त्या पद्धतीत निवृत्त आजीच्या जिवाची किंमत जवळजवळ शून्य निघते. पद्धत तिथेच कोसळते.

आज बहुतेक प्रगत देश वेगळा प्रश्न विचारतात: धोका थोडासा कमी करण्यासाठी लोक स्वतः किती पैसे द्यायला तयार आहेत? समजा एक लाख लोक आहेत, एखाद्या उपायाने प्रत्येकाचा वर्षभरात रस्त्यावर मरण्याचा धोका एक लाखात एकने कमी होतो आणि त्यासाठी प्रत्येक जण ३० युरो द्यायला राजी आहे. एकूण ३० लाख युरो झाले आणि सरासरी एक मृत्यू टळला. हे ३० लाख कुणा ठरावीक माणसाच्या जिवाची किंमत नाही. सर्वांनी मिळून एका अनोळखी मृत्यूला थोपवण्यासाठी ठेवलेली ती रक्कम आहे. ब्रिटनने १९८८ मध्ये मृत्यूंसाठी ही पद्धत स्वीकारली आणि एका टळलेल्या मृत्यूचं मूल्य ५ लाख पौंड धरलं; जुन्या पद्धतीपेक्षा ते खूपच जास्त होतं. अमेरिकेच्या वाहतूक खात्याने २०२३ साठी धरलेलं मूल्य १ कोटी ३२ लाख डॉलर आहे, आणि गरीब-श्रीमंत सगळ्यांना एकच मूल्य लावायचं असा त्यांचा दंडक आहे. हे समोर ठेवून मी सांगतो की मूल्य न ठरवणं म्हणजे जीव अनमोल मानणं नव्हे. हिशेबात ज्या रकान्यात आकडा नसतो तो बेरजेत शून्य म्हणून मोजला जातो. हा मुद्दा बहुतेकांना पटतो.

तरीही काही वेळा धोरणकर्ता आकडा बाजूला ठेवून बरोबर निर्णय घेतो. अमेरिकेत गाडी मागे घेताना होणाऱ्या अपघातांत दरवर्षी सुमारे २१० लोक मरत होते आणि त्यांतली जवळपास एक तृतीयांश पाच वर्षांखालची मुलं होती. अनेकदा गाडी चालवणारे त्यांचेच आईवडील असायचे. चालकाला गाडीमागचं दिसेल असा नियम करायला सांगणारा कायदा संसदेने २००८ मध्ये केला. नियामकाने मात्र खर्चाच्या प्रश्नावर मुदतीमागून मुदती ओलांडल्या. शेवटी २०१४ मध्ये मागचा कॅमेरा सक्तीचा करणारा नियम निघाला आणि मे २०१८ पासून तो सर्व नव्या हलक्या वाहनांना लागू झाला. एका वाचलेल्या जिवामागे होणारा खर्च आपल्याच प्रमाण मूल्यापेक्षा जास्त आहे, हे नियामकाने नियमासोबतच्या विश्लेषणात लपवलं नाही. बळी लहान मुलं आहेत आणि आईवडिलांच्या हातून मूल जाण्याचं दुःख कुठल्याच रकान्यात बसत नाही, हे कारण त्यांनी लेखी दिलं. अशा उघड कबुलीला मी विश्लेषणाचा पराभव मानत नाही. हिशेब काय सांगतो आणि आपण त्यापलीकडे का जातो, हे दोन्ही लिहून ठेवलं की पुढच्या माणसाला निर्णय तपासता येतो.

आता वेळेचा मुद्दा. रस्ता सुरक्षेचे प्रस्ताव सगळ्यात जास्त इथे मार खातात. एक उदाहरण पूर्ण करून पाहू. त्यातले सुरुवातीचे आकडे मी गृहीत धरलेले आहेत. दहा किलोमीटरचा दुपदरी रस्ता, दिवसाला १०,००० वाहनं, वर्षाला दोन मृत्यू. वेगमर्यादा उतरवल्यामुळे सरासरी वेग ताशी ८४ वरून ८० किलोमीटरवर येतो. प्रत्येक वाहनाला सुमारे २१ सेकंद जास्त लागतात. वर्षभराची बेरीज केली की जवळपास २१,७०० वाहन-तास होतात आणि गाडीत सरासरी दीड माणूस धरला तर सुमारे ३२,६०० माणूस-तास. दुसऱ्या बाजूला, सरासरी वेग एक टक्क्याने वाढला की जीवघेण्या अपघातांचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. याच नात्याने वेग जवळपास पाच टक्क्यांनी घटला तर मृत्यू साधारण १८ टक्क्यांनी घटतात. दोनाचे १८ टक्के म्हणजे दर तीन वर्षांनी साधारण एक जीव.

म्हणजे एका जिवामागे सुमारे ९२,००० माणूस-तास. तासाची किंमत १५ युरो धरली तर एका जिवामागे वेळेचा खर्च जवळपास १४ लाख युरो. आता जिवाचं मूल्य १० लाख धरलंत तर प्रस्ताव तोट्याचा, ३० लाख धरलंत तर लाभ दुपटीच्या वर. गंभीर जखमी, इंधन आणि आवाज हे धरले की पारडं आणखी झुकतं. रस्ता तोच आहे, वाहनं तीच आहेत, निकाल मात्र बैठकीच्या आधी कुणीतरी निवडलेल्या एका आकड्यावर उलटतो. अनुभवी धोरणकर्त्याला हे बरोबर कळतं, म्हणूनच तो गुणोत्तरावर पूर्ण विसंबत नाही. त्याचा हा संशय रास्त आहे.

त्यात २१ सेकंदांचा प्रश्न आहेच. एका चालकाला २१ सेकंद जाणवतही नाहीत. पण सूत्र लाखो अशा तुकड्यांची बेरीज करतं आणि ती जिवासमोर तोलते. नव्या रस्त्याच्या प्रस्तावातही लाभाचा मोठा वाटा सहसा वाचलेल्या वेळेचा असतो, सुरक्षेचा वाटा त्यामागे असतो. त्यामुळे वेग वाढवणारे प्रकल्प कागदावर सहज श्रीमंत दिसतात आणि वेग कमी करणारे गरीब. अर्थशास्त्रज्ञांकडे या बेरजेचं समर्थन आहे: कुणाचे तरी २१ सेकंद बस चुकवतात, आणि लहान तुकडे सोडून दिले तर अनेक छोट्या बदलांचा एकत्र परिणाम कधी मोजलाच जाणार नाही. ते समर्थन मला मान्य आहे. पण वेळेची आणि जिवाची ओळ एकाच बेरजेत मिसळून देणं मला मान्य नाही. दोन्ही शेजारी शेजारी, आपापल्या मापात दाखवावीत.

वेल्स आणि फ्रान्स या दोन ठिकाणी काय झालं ते पाहिलं की हा विषय लख्ख दिसतो. वेल्सने १७ सप्टेंबर २०२३ पासून वस्तीतल्या बहुतेक रस्त्यांवरची वेगमर्यादा ताशी ३० मैलांवरून २० मैलांवर आणली. सरकारच्याच आधीच्या विश्लेषणात ३० वर्षांत सुमारे साडेचार अब्ज पौंडांचा तोटा दिसत होता आणि तो प्रामुख्याने प्रत्येक प्रवासात वाढणाऱ्या थोड्या थोड्या वेळेचा होता. सरकार तरीही पुढे गेलं. विरोधकांनी तोच आकडा उचलून धरला आणि विरोधाच्या याचिकेवर साडेचार लाखांहून अधिक सह्या झाल्या. वेल्सच्या संसदेत इतक्या सह्यांची याचिका त्याआधी आलेली नव्हती. पुढच्या वर्षभरात त्या रस्त्यांवरची जीवित आणि जखमींची हानी लक्षणीय घटली. सरकारने काही रस्त्यांचा फेरविचार करायची मुभा दिली, पण मूळ नियम टिकला.

फ्रान्सने १ जुलै २०१८ पासून मध्ये दुभाजक नसलेल्या दुहेरी वाहतुकीच्या रस्त्यांवर ताशी ९० ऐवजी ८० किलोमीटरची मर्यादा लावली. सेरेमा या शासकीय तांत्रिक संस्थेने सखोल मूल्यमापन केलं. पहिल्या २० महिन्यांत ३४९ जीव वाचले, प्रवासाला किलोमीटरमागे सरासरी एक सेकंद जास्त लागला आणि समाजाचा निव्वळ लाभ वर्षाला ७० कोटी युरोंच्या घरात होता. इतका स्वच्छ पुरावा आमच्या क्षेत्रात क्वचित मिळतो. पण तो अहवाल आला २०२० च्या उन्हाळ्यात. तोपर्यंत इंधनावरच्या करवाढीतून पेटलेलं पिवळ्या जाकिटांचं आंदोलन होऊन गेलं होतं, असंख्य वेग-कॅमेरे फोडले गेले होते आणि डिसेंबर २०१९ च्या कायद्याने स्थानिक प्रशासनांना ९० वर परतायची मुभाही दिली होती. अनेक जिल्ह्यांनी ती घेतली.

एकीकडे हिशेब विरोधात असताना निर्णय झाला आणि टिकला. दुसरीकडे हिशेब बाजूने असताना निर्णय सैल पडला. दोन्ही ठिकाणी आकड्याने निकाल ठरवला नाही. फ्रान्समध्ये खेड्यापाड्यातल्या, दूरवर कामाला जाणाऱ्या माणसाला वाटलं की राजधानीने आपला वेळ आणि दंडाचे पैसे काढून घेतले. पन्नास किलोमीटरच्या प्रवासात त्याचे प्रत्यक्षात पन्नासेक सेकंद जात होते. पण हे त्याला कुणी आधी नीट सांगितलं नव्हतं, आणि वाचलेले जीव त्याच्याच तालुक्यातले होते हेही नाही. एल्विक यांचं तिसरं कारण ते हेच: लाभ सगळ्यांना थोडा थोडा, न दिसणारा, खर्च रोजचा आणि ज्याला बसतो त्याला ठळक.

पैशांच्या बाबतीतही हीच गत असते आणि इथे अर्थखात्याचे अधिकारी सर्वांत अचूक प्रश्न विचारतात. दुभाजक किंवा पदपथ बांधायचा खर्च रस्ते खात्याच्या तरतुदीतून, याच वर्षी. लाभ मात्र आरोग्य खात्याला, विमा कंपन्यांना, कुटुंबांना आणि पुढची पंचवीस-तीस वर्षं पसरलेला. ‘हे वाचलेले पैसे मला कुठल्या लेखाशीर्षाखाली दिसतील?’ असं ते विचारतात. खरं उत्तर असं की बहुतेक पैसे कुठेच दिसणार नाहीत. मृत्यूच्या मूल्याचा मोठा भाग माणसाच्या दुःखाचा आणि हरवलेल्या आयुष्याचा असतो, तो कुठल्याही खात्यात रोख जमा होत नाही. रुग्णालयातली खाटही अपघातग्रस्त न आल्याने रिकामी राहत नाही, तिथे दुसरा रुग्ण येतो. समाजाचा फायदा खरा आहे, पण तिजोरीत भर पडत नाही. हा फरक आपण स्वतः सांगितला नाही तर अधिकारी तो शोधून काढतो, आणि मग अहवालातल्या बाकीच्या आकड्यांवरचाही त्याचा विश्वास उडतो. म्हणून मी रोख बचत आणि सामाजिक मूल्य यांचे रकाने नेहमी वेगळे ठेवतो.

रस्ते अपघातांमुळे बहुतेक देशांचं देशांतर्गत उत्पादनाच्या तीन टक्क्यांच्या आसपास नुकसान होतं, हे जागतिक आरोग्य संघटनेचं विधान भाषणांत खूप ऐकू येतं. लक्ष वेधायला ते उपयोगी आहे. पण ते दुखणं केवढं मोठं आहे एवढंच सांगतं. कुठलं औषध घ्यावं हे त्यातून कळत नाही. निर्णयाच्या कागदावर मी ते घालत नाही.

मग हिशेबच नाकारणारं धोरण असावं का? स्वीडनच्या संसदेने ऑक्टोबर १९९७ मध्ये शून्य मृत्यूचं धोरण मंजूर केलं तेव्हा जगभरच्या अर्थशास्त्रज्ञांनी हीच शंका काढली. रस्त्यावर कुणी मरणं किंवा कायमचं जायबंदी होणं नैतिकदृष्ट्या अमान्य, अशी भूमिका घेतली की तडजोडीला जागा उरत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. प्रत्यक्षात स्वीडनने ध्येय ठरवताना तडजोड नाकारली आणि मार्ग निवडताना पै-पैचा हिशेब केला. १३ मीटर रुंदीच्या जुन्या दुपदरी रस्त्यांवर समोरासमोर धडकून फार माणसं मरत होती. चौपदरी महामार्ग बांधणं हा उघड उपाय होता, पण त्या पैशांत थोडेच किलोमीटर झाले असते. त्याऐवजी त्याच रुंदीत आलटून-पालटून एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला एक मार्गिका आखली आणि मधोमध तारांचा अडथळा ताणला. १९९८ मध्ये येव्ले शहराच्या उत्तरेला पहिला रस्ता असा झाला. मोटरसायकलस्वारांच्या संघटनांनी तारांना कडाडून विरोध केला आणि अनेक अभियंत्यांनाही वाटत होतं की हे चालणार नाही. अशा रस्त्यांवर मृत्यू सुमारे तीन चतुर्थांशाने घटले. जिवाला किती रुपये-डॉलर लावायचे हा वाद इथे कुणी घातलाच नाही. ठरावीक पैशांत जास्तीत जास्त जीव कुठे वाचतात एवढंच विचारलं. माझ्या अनुभवात धोरणकर्त्यांना हा प्रश्न फार लवकर आपलासा वाटतो.

युरोपीय आयोगाने १९९७ च्या कार्यक्रमात पुढे आणलेली दहा लाख एकूंची (एकू म्हणजे युरोच्या आधीचं हिशेबाचं चलन) कसोटी अशीच उपयोगी पडली होती. एक मृत्यू टाळायला दहा लाख एकूंपर्यंत खर्च येत असेल तर उपाय करावा. त्यामागचा विचार असा की टळलेल्या प्रत्येक मृत्यूबरोबर कितीतरी जखमी आणि नुकसानीचे अपघातही टळतात, त्यामुळे एवढा खर्च तेवढ्यावरच वसूल होतो. शास्त्रीयदृष्ट्या ती ढोबळ होती, आणि आज ती मर्यादा फार कमी वाटते. पण आमदाराला ती एका वाक्यात सांगता येत होती.

पद्धतीतल्या बाकीच्या अडचणी थोडक्यात सांगतो. भविष्यातल्या लाभाचं आजचं मूल्य काढताना दरवर्षी जी टक्केवारी कापतात तो सवलतीचा दर निकाल फिरवू शकतो: तीस वर्षांनंतरच्या १०० च्या लाभाचं आजचं मूल्य साडेतीन टक्क्यांनी ३६ येतं आणि सात टक्क्यांनी १३. अपघातप्रवण ठिकाणांच्या बाबतीत आणखी एक सापळा आहे. सर्वांत वाईट वर्ष पाहून ठिकाण निवडलं की पुढच्या वर्षी काहीही न करता अपघात नेहमीच्या सरासरीकडे परत येऊन कमी होतात आणि श्रेय उपायाला जातं. एकदा असा फुगवलेला दावा उघडा पडला की त्या खात्यात पुढची कित्येक वर्षं आकड्यांना कुणी भीक घालत नाही. पोलिसांच्या नोंदीत सायकलवरून एकट्याने पडलेले जखमी फारसे येतच नाहीत, त्यामुळे सायकल मार्गांचा लाभ नेहमी कमी दिसतो. रुग्णालयाच्या नोंदी जोडून घ्याव्यात.

तेव्हा ज्यांनी प्रश्न विचारला त्यांना माझा सल्ला असा. अहवालाचं पहिलं पान गुणोत्तराने सुरू करू नका. त्यावर माणसं आणि सेकंद येऊ द्या: वर्षाला किती मृत्यू आणि गंभीर जखमी टळतील, एका फेरीला किती सेकंद वाढतील. मग कोण पैसे भरणार, कुठल्या खात्यातून, कुठल्या वर्षी, आणि लाभ कुणाला मिळणार, हे सरळ लिहा. पादचाऱ्यांना आणि मोटारवाल्यांना वेगवेगळं दाखवा. गुणोत्तर त्यानंतर द्या आणि त्यासोबत जिवाचं मूल्य किती खाली आणलं की प्रस्ताव तोट्यात जातो तो आकडा द्या. वरच्या उदाहरणात तो सुमारे १४ लाख युरो होता. धोरणकर्त्याला तुमचं मूल्य पटो वा न पटो, जिवाचं मूल्य १४ लाखांपेक्षा वर की खाली हे तो स्वतः ठरवू शकतो, आणि तो निर्णय त्याचा होतो. त्याच तरतुदीत आणखी काय बसलं असतं, हेही दाखवा. नाहीतर तुमचा उपाय काहीच न करण्याशी तोलला जातो आणि काहीच न करणं नेहमी फुकट वाटतं.

आणि मूल्यमापनाची तारीख, पद्धत आणि पैसे मंजुरीच्या आदेशातच लिहून घ्या, पहिले आकडे सहा महिन्यांत जाहीर करण्याच्या अटीसह. रस्त्याच्या त्या पट्ट्यातला सरासरी वेग आणि प्रवासाचा वेळ अंमलबजावणीच्या आधीच मोजून ठेवा. विरोध पहिल्या काही आठवड्यांतच सुरू होतो, आणि तेव्हा मंत्र्याच्या हातात किमान ‘दहा किलोमीटरला २१ सेकंद’ एवढा खरा, मोजलेला आकडा असायला हवा.